रेकॉर्डिंग पाठवलं की दर वेळी तेच उत्तर: 'आवाज दबतोय'

घरी गिटार घेऊन बसायचं, मोबाईलवर गाणं रेकॉर्ड करायचं आणि चार जाणत्या माणसांना पाठवायचं. उत्तर येतं: 'मस्त', 'जरा मोकळं गा', 'आवाज दबतोय'. मग महिनाभर मेहनत घेऊन पुन्हा पाठवावं, तर पुन्हा 'आवाज दबतोय'. नाशिकमध्ये आम्ही काही हौशी मंडळी एकमेकांना अशी रेकॉर्डिंग्ज पाठवत असतो. सगळी नोकरी, कॉलेज, घर सांभाळून गाणारी माणसं. त्यांचं ऐकता ऐकता गाडी नेमकी कुठे अडते हे लक्षात यायला लागलं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती एकाच गोष्टीची. रेकॉर्डिंगमधला दोष गळ्यातला आहे असं समजलं जातं आणि माणूस चांगला गळा बिघडवायला लागतो. इंदिरानगरमधल्या एका मुलीला दोघा-तिघांनी 'आवाज दबतोय' असं कळवलं. तिने जोर लावून गायला सुरुवात केली. अंतऱ्यात वरच्या षड्जापाशी आली की गळा आवळला जायचा, ओळ संपताना सूर चढायचा, आणि मुखड्यातला सगळा हळुवारपणा गेला. तिच्या घरी जाऊन पाहिलं तर मोबाईल समोरच्या टीपॉयवर आडवा ठेवलेला, गिटारच्या साउंडहोलपासून जेमतेम फूटभर आणि तोंडापासून अडीच फूट लांब. गळ्याला काही झालेलंच नव्हतं. मोबाईलची जागा बदलली आणि ती पूर्वीसारखी गायली, तेव्हा पहिल्याच टेकमध्ये प्रत्येक शब्द ऐकू आला.

आधी दोष कुठला ते शोधा

काहीही दुरुस्त करण्याआधी, जिथे नेहमी रेकॉर्ड करता तिथेच, मोबाईलला हात न लावता तीन छोट्या क्लिप घ्या. पहिलीत काहीच करायचं नाही, पंधरा-वीस सेकंद गप्प बसायचं. दुसरीत गाण्याचं एक कडवं नुसतं वाचायचं, गिटारशिवाय, गाताना बसता तसंच बसून. तिसरीत फक्त गिटार, गाताना हात जितक्या जोरात चालतो तितक्याच जोरात. मग वायरवाल्या इअरफोनवर तिन्ही ऐका.

शांततेच्या क्लिपमध्ये पंखा, फ्रीज, इन्व्हर्टर, शेजारचा टीव्ही सगळं उघडं पडतं. वाचलेले शब्द तुटक किंवा लांबून आल्यासारखे वाटले तर भानगड मोबाईलच्या जागेची किंवा खोलीची आहे. वाचलेलं स्वच्छ आहे आणि गायलेलं अस्पष्ट, तर मात्र उच्चारांकडे किंवा गिटारच्या जोराकडे बघायचं. तिसऱ्या क्लिपमध्ये गिटार एकटीच असूनही फाटत असेल तर पातळी चुकलेली आहे.

एक गोष्ट पहिल्यांदा रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येकाला सांगावी लागते. आपण बोलतो-गातो तेव्हा स्वतःचा आवाज हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही कानापर्यंत पोचतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतला तो भरीवपणा नसतो, म्हणून आवाज पातळ आणि परका वाटतो. तो दोष नाही. जग तुमचा आवाज असाच ऐकतं. त्यावर बेस वाढवून 'दुरुस्ती' करायला जाऊ नका.

'आवाज दबतोय'

इथे थोडा हिशेब केला की सगळं लख्ख होतं. आवाजाच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. त्या टीपॉयवरच्या मोबाईलला गिटार १ फुटावर आणि तोंड २.५ फुटांवर होतं, म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीच गिटारकडे ८ डेसिबलची आघाडी. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतलं तर ही आघाडी गळ्यावर ताण न देता भरून काढणं कठीण आहे.

तोच मोबाईल तोंडाच्या उंचीवर किंवा चार बोटं वर, कपाटाच्या कप्प्यात नाहीतर पुस्तकांच्या ढिगावर ठेवला, तोंडापासून दीड फूट आणि गिटारपासून अडीच फूट, की आवाजाला साडेचार डेसिबलच्या आसपास आघाडी मिळते. बहुतेक मोबाईलचा मुख्य माईक खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. ती कड तुमच्याकडे हवी आणि कव्हरने झाकलेली नको. मोबाईलखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा, नाहीतर काचेवरून किंवा सनमायकावरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि मधले काही सूर पोकळ होतात. तोंड नेमकं माईकच्या रेषेत नको, थोडं बाजूला. मराठीत फ, भ, ख, घ हे श्वास सोडणारे उच्चार भरपूर आहेत. 'फुलं' किंवा 'भाव' म्हणताना हवेचा झोत सरळ माईकवर आदळला की 'धप्प' असा आवाज येतो. समोर पातळ ओढणी ताणून धरली तरी बराच फरक पडतो.

जागा नीट करूनही दबत असेल तर उजव्या हाताकडे या. स्टीलच्या तारांवर जाड पिकने मारलेलं स्ट्रमिंग २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात खूप गर्दी करतं, आणि शब्द स्पष्ट कळायला कानाला नेमका तोच भाग लागतो. पातळ पिक घ्या, ०.५ मिलिमीटरच्या आसपासची. ओळ गाताना हात हलका, दोन ओळींच्या मधल्या जागेत मोकळा. तबलजी गायकाच्या ओळीखाली ठेका साधा ठेवतो आणि मधल्या जागेत बोल काढतो, गिटारनेही तसंच वागायचं. हे जमायला वेळ लागतो, कारण भावना वाढली की हात आपोआप जड होतो. म्हणून याचा वेगळा रियाज करा: कडवं मनात म्हणायचं आणि हात मात्र गाण्याबरोबरचा हलका ठेवायचा.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्याकडेच कोणी बघत नाही. ते म्हणजे पट्टी. गिटार शिकताना जी, सी, डी हे कॉर्डचे (एकत्र वाजवायच्या सुरांचे) सोपे आकार आधी येतात आणि माणूस गाणंही त्याच पट्टीत गायला लागतो. गाण्याचे खालचे सूर गळ्याच्या तळाशी जातात, तिथे आवाजाला वजनच नसतं, आणि मग खरोखरच आवाज दबतो. पेटीवर आपली पट्टी कोणती हे आधी ठरवा आणि गिटार तिथे आणा. काळी एक हवी असेल तर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या रेघा) आणि सीचे आकार. काळी दोनसाठी पहिल्या फ्रेटवर डीचे आकार, काळी चारसाठी पहिल्याच फ्रेटवर जीचे. पांढरी चार हवी तर तिसऱ्या फ्रेटवर डी किंवा पाचव्यावर सी. काळी पाचसाठी तिसऱ्यावर जी. गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर, दोन्ही आवाज न बदलता लागतात ती पट्टी तुमची. मूळ गाणं कोणत्या पट्टीत आहे याने फरक पडत नाही.

'खोली घुमतेय'

गंगापूर रोड असो, सिडको असो की नाशिक रोड, फ्लॅटमधली गाण्याची खोली म्हणजे बहुधा दहा बाय दहाची बेडरूम, आणि छतही साधारण तेवढंच उंच. आवाजाच्या दृष्टीने हा सगळ्यात त्रासदायक आकार. दोन समोरासमोरच्या भिंतींत १० फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या दुप्पट, ११२ हर्ट्झच्या आसपास तरंग अडकून घुमतात. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असली की तिन्ही दिशांचं घुमणं एकाच सुरावर येतं. आता गिटारची पाचवी तार बघा: ११० हर्ट्झ. म्हणजे ए कॉर्ड वाजवला की खोली स्वतःच वाजते. बाकीचे कॉर्ड बरे आणि एकच कॉर्ड 'भुंम' करतो, अशी तक्रार असेल तर त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही.

पाचवी तार मोकळी छेडत खोलीभर फिरा. कोपऱ्यात ती फुगेल, मधोमधही फुगेल. एका भिंतीपासून अडीच-तीन फुटांवर ती बऱ्यापैकी सपाट ऐकू येईल. खुर्ची तिथे.

त्यानंतर टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्र' असा बारीक आवाज आला तर उघड्या भिंती एकमेकींकडे आवाज फेकताहेत. यावर उत्तम इलाज घरातच असतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडा, त्याच्याकडे तोंड करून बसा आणि मोबाईल मध्ये ठेवा. तुमचा आवाज सरळ कपड्यांत जातो आणि परत येताना पार मरगळलेला असतो. पाठीमागच्या भिंतीला गादी उभी करा किंवा दोरीवर रजई टाका. कोणत्याही सभागृहात, कालिदास कलामंदिर घ्या किंवा पंचवटीतलं पलुस्कर सभागृह, भरलेल्या प्रयोगापेक्षा रिकाम्या तालमीला आवाज जास्त घुमतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषून घेतात. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्यात वेळ घालवू नका, त्यांनी जवळजवळ काहीच शोषलं जात नाही. इंचभर जाडीचा फोमही फक्त वरचे सूर खातो आणि खर्जाचं घुमणं तसंच ठेवतो, त्यामुळे खोली आधीपेक्षा जास्त गुदमरल्यासारखी होते.

आणि मत मागण्यासाठी पाठवायच्या क्लिपवर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) टाकू नका. ऐकायला गोड लागतं, पण सूर कुठे लागला आणि कुठे नुसता चाटून गेला हे त्याखाली झाकलं जातं.

पंखा, ट्रक, ढोल

पंखा बंद करावाच लागतो. एप्रिल-मे महिन्यांत ते कठीण आहे, तेव्हा पहाटे गा. महामार्गाच्या उड्डाणपुलाजवळ, मुंबई नाका किंवा द्वारका भागात राहत असाल तर रात्रभर जड वाहनांची घरघर भिंतीतून येते. ती बहुतांश खर्जात असते. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, त्यामुळे ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या सुराखालचा आवाज कापणारा) ७० हर्ट्झला लावला तर गाण्याला फारसा धक्का न लागता बरीच घरघर जाते. जाड तार डीपर्यंत उतरवून वाजवत असाल तर ती ७३ हर्ट्झवर येते, तेव्हा फिल्टर ६० वर ठेवा. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असताना एकसारखी घूं ऐकू येत असेल तर ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळच्या वेळा सोडून द्या, त्या दिवसांत कोणताही फिल्टर कामाचा नाही.

मोबाईलमधला नॉइज सप्रेशन मात्र बंद ठेवा. तो बोलण्यासाठी बनवलेला असतो. तार छेडल्यावर विरत जाणारा सूर त्याला गोंगाट वाटतो आणि तो मध्येच कापतो. ओळीच्या शेवटी लांबवलेला स्वर अचानक बुडतो, आणि ऐकणारा म्हणतो, 'दमसास वाढवा'. झूमवर गाऊन दाखवत असाल तर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा, कारण तिथेही हाच प्रकार होतो.

'आवाज फाटतोय', 'आवाज वर-खाली होतोय'

गाण्यातली सगळ्यात चढी ओळ आधी गाऊन पाहा आणि रेकॉर्डिंग ॲपमधलं पातळीचं मीटर तेव्हा उणे ६ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी लावा. शून्याला टेकलं की तो भाग फाटला आणि तो नंतर नीट दुरुस्त होत नाही. कमी पातळीवर घेतलेलं नंतर वाढवता येतं. पातळी हाताने लावायची सोय असलेलं रेकॉर्डिंग ॲप वापरा. अनेक मोबाईल आपोआप पातळी बदलतात: तुम्ही हळू गायलात की वाढवतात, चढलात की दाबतात, आणि तुम्ही मन लावून केलेला चढ-उतार सपाट होतो. आयफोनवर व्हॉइस मेमोजच्या सेटिंगमध्ये ऑडिओ क्वालिटी 'लॉसलेस' करून ठेवा.

'ताल सुटतोय'

आधी गिटार रेकॉर्ड करून मग तिच्यावर गाणाऱ्यांना ही तक्रार हमखास ऐकावी लागते. पहिला प्रश्न एकच: हेडफोन ब्लूटूथ आहे का? ब्लूटूथमध्ये आवाज कानात पोचायला सहज १५० ते २०० मिलिसेकंद लागतात. गाण्याची लय ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके) असेल तर एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची आणि पाव मात्रा १६७ ची. म्हणजे तुम्ही तालाला चिकटून गायलात तरी रेकॉर्डिंगमध्ये जवळजवळ पाव मात्रा मागे पडणार. वायरवाला हेडफोन लावा. तरीही सगळंच सारख्या फरकाने मागे पडत असेल तर सुरुवातीला दोन्ही ट्रॅकवर एकेक टाळी घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये टाळीला टाळी जुळवा. कुठे पुढे, कुठे मागे असं होत असेल तर तो ताल खरोखर सुटतोय, आणि त्यावर मेट्रोनोम किंवा तबला ॲप लावून रियाज हाच उपाय.

'सूर हलतोय'

हे ऐकल्यावर मन खट्टू होतं, म्हणून आधी गिटार तपासा. कॅपो लावला की तारा दाबल्या जाऊन थोड्या चढतात. ट्यूनिंग कॅपो लावल्यानंतर करायचं, आधी नाही. कॅपो फ्रेटच्या अगदी जवळ हवा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ दहा अंशांच्याही खाली जाते. गार तारा हाताच्या उबेने सैलावतात आणि दोन-तीन गाण्यांत गिटार उतरते, गळा मात्र आपल्या जागी असतो. दहा मिनिटं वाजवून घ्या, मग सुरात लावा. पावसाळ्यात दमटपणाने लाकूड फुगतं, तारा गंजून सूर मंद पडतो. गिटार भिंतीला न लावता केसमध्ये ठेवा आणि चिकट झालेल्या तारा बदला.

गाताना हेडफोनचा एक कान उघडा ठेवा. दोन्ही कान बंद करून मोठ्या आवाजात ट्रॅक ऐकला की स्वतःचा सूर कळेनासा होतो आणि चांगले गाणारेही खाली-वर जातात. एवढं करूनही शंका राहिली तर रेकॉर्डिंगबरोबर त्याच पट्टीत तानपुरा ॲप लावून ऐका. खर्जाच्या षड्जाशी प्रत्येक ओळीचा शेवट मिळतो की नाही, हे कोणाला न विचारताही समजतं.

पाठवताना आणि विचारताना

एवढं सगळं करून शेवटी व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवली तर मेहनत पाण्यात. ती बोलण्यासाठी आकसलेली असते. झांजेसारखा तारांचा वरचा भाग आणि 'स', 'श' त्यात बोथट होतात. फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ती जशीच्या तशी पोचते. ३२० केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला २.४ एमबी होते, चार मिनिटांचं गाणं दहा एमबीच्या आत. पण चार मिनिटं पाठवूच नका. एक मुखडा आणि एक अंतरा, दीड मिनिट पुरे. नोकरी करून दमलेला माणूस तेवढं दोनदा ऐकतो, पूर्ण गाणं एकदाच आणि तेही अर्धवट.

'कसं वाटलं?' असं विचारलं की 'मस्त' हेच उत्तर येणार, समोरच्याचा त्यात दोष नाही. प्रश्न बारीक करा: 'अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत कोमल गंधार लागतोय का?', 'मुखड्यावर परत येताना लय वाढतेय का?' पट्टी कोणती, मोबाईल की माईक, गिटार आणि गाणं एकत्र घेतलं की वेगवेगळं, हे दोन ओळींत कळवा, म्हणजे ऐकणारा खोलीचा दोष गळ्याच्या नावावर टाकणार नाही.

आणि ऐकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वेळ आणि शब्द लिहून कळवा: '०:४२ ला शेवटचा स्वर उतरला', '१:१० ला गिटार एकदम चढली आणि शब्द गेला'. नवीन माणूस एका वाक्याने महिनोन्महिने काय करेल ते ठरत असतं. खात्री नसेल तर आधी 'मोबाईल कुठे ठेवला होता?' एवढं विचारा.

सुधारणा केली की तेच कडवं, त्याच खुर्चीवर, एकच गोष्ट बदलून पुन्हा रेकॉर्ड करा आणि जुनी-नवी दोन्ही क्लिप एकत्र पाठवा. पाठवण्याआधी दोन्हींची पातळी सारखी करून घ्या, कारण मोठ्या आवाजातली क्लिप कानाला नेहमीच सरस वाटते.